शुक्रवारचं फाटलेलं दूध

अक्कांवरचा सूड मी दुधातून उगवला, आणि तोही पोरीला मध्ये घालून. हे आजवर कुणापाशी बोलले नाही. अक्का गेल्या, आता बोलते.

अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. नव्वदच्या दशकात आम्ही बंगळुरात बनशंकरीला राहायचो आणि नवऱ्याचं पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत छोटं वर्कशॉप होतं. त्या वर्षी आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, आमची मुलगी, साडेतीन वर्षांची, नवं परकर-पोलकं नाचवत सगळ्यांच्या आधी वर्कशॉपच्या शटरखालून आत पळाली. सुट्टी संपून काम सुरू झालं त्याच दिवशी नवऱ्याचं बोट प्रेसमध्ये सापडलं. दोन पेरं गेली. काम भराभर उरकावं म्हणून प्रेसची संरक्षक जाळी त्यानं स्वतःच काढून ठेवली होती. वर्कशॉपमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अक्का दवाखान्यातून थेट आमच्याकडे आल्या. खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, "पूजेला पहिलं पाऊल हिचं पडलं. पायगुण असतो गं एकेकीचा."

"लहान आहे ती, अक्का."

"मी कुठं काय म्हटलं? पाय लहान म्हणून गुण लहान असतो का?"

मुलगी फरशीवर बसून स्वतःच्या पायांकडे बघत होती.

तेव्हापासून ती दारात थांबायला लागली. घर असो, दुकान असो, आधी कुणीतरी आत जायचं, मग ती. एकदा मी गच्चीवर कपडे काढायला गेले होते. खाली आले तर दार सताड उघडं आणि ही उंबऱ्याबाहेर उभी, परकर ओला. "मी आधी गेले तर बाबांना काहीतरी होईल ना," म्हणाली.

मी तेव्हा बालवाडी शिक्षिकेचा कोर्स करत होते. आमच्या बाई सांगायच्या, या वयात एकामागून एक दोन गोष्टी घडल्या की पहिलीमुळेच दुसरी झाली असं मुलांना वाटतं. घरात वाईट झालं तर ते आपल्यामुळेच, असंही वाटतं. नुसतं सांगून पटत नाही, त्यांना दिसावं लागतं. मी सांगून पाहिलंच होतं, प्रेसची जाळी, बोट, सगळं. ती शहाण्यासारखं ऐकून घ्यायची आणि पुन्हा दारात थांबायची. बाईंचं ऐकता ऐकता माझ्या मनात आलं, पन्नाशीच्या अक्का याच इयत्तेत आहेत.

अक्का दर शुक्रवारी कोरमंगल्याहून बनशंकरीच्या देवळात यायच्या, लिंबाच्या सालीत दिवे लावायला. राहुकाळ संपला की आमच्याकडे कॉफी. उरलेली लिंबं माझ्या ओट्यावर ठेवायच्या, "सरबत कर पोरीला." त्यांच्याच लिंबाचा रस मी उकळत्या दुधात पिळला. मग मुलीला हाक मारली, "बघ गं, दूध फाटलं." एवढंच. अक्कांचं नाव घेतलं नाही. पुढच्या शुक्रवारी तेच केलं, त्याच्या पुढच्याही.

एका शुक्रवारी मुलगी अक्कांच्या गुडघ्याशी जाऊन उभी राहिली. "आत्या, तुम्ही आलात की आमचं दूध फाटतं."

बिनदुधाच्या कॉफीचा पेला अक्कांनी खाली ठेवला. मुलीला दटावायला हवं होतं. मी म्हटलं, "लहान आहे ती, अक्का."

त्यांना पटलं होतं. चेहऱ्यावर दिसत होतं. "सरी," बरं, एवढंच कानडीत म्हणाल्या आणि पदर सावरत उठल्या. पुढच्या शुक्रवारी त्या आल्या नाहीत. मुलीनं दोनदा पातेल्यात डोकावून पाहिलं, दूध नीट होतं. संध्याकाळी खेळून आली ती मला दारातच मागं टाकून थेट आत पळाली. मी भिंतीला टेकून रडले. खोटं कशाला सांगू, त्यात लेकीचा आनंद निम्माच होता.

मुलगी पहिलीत गेल्यावर एकदा मी पनीर करत होते. लिंबू पिळलं, दूध फाटलं. ती ओट्याशी उभी होती. तिनं पातेल्यात डोकावून पाहिलं.

"आत्या यायच्या तेव्हा पण तूच?"

"हो."

"मग बाबांचं बोट?"

"जाळी काढली होती म्हणून."

तिनं आपल्या पायांकडे पाहिलं, बोटं हलवली. मग म्हणाली, "आत्यांना सांग ना."

"सांगू," मी म्हटलं.

थोड्याच दिवसांत अक्कांच्या नातवाचं बारसं होतं, त्यांच्याच घरी. आम्ही जिना चढून वर गेलो तर अक्का खोलीच्या दाराबाहेर उभ्या, जरीचं नेसून, हातात कुंची-झबल्याचं ताट. आत पाळणा सजलेला. "बाळाला आधी तुम्ही बघा," म्हणाल्या, "मी येते मागनं." अलीकडे त्या कुठंच पहिल्यानं आत जात नाहीत, हे नवऱ्यानं सांगितलं होतं. दारात उभं राहिलेलं माणूस कसं दिसतं, ते मला नव्यानं बघायची गरज नव्हती.

मुलीनं माझा हात ओढला. "आई, सांग."

मी अक्कांकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. मी मुलीच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "जा, तू हो पुढं."

अक्का ताट सांभाळत बाजूला सरकल्या आणि तिला वाट दिली.