सुनंदाचा पासवर्ड

स्टाफरूमच्या कपाटात पोरांनी विसरलेले डबे साचतात, तसे माझ्याकडे त्या कॉम्प्युटर खोलीचे किस्से साचलेत. एक काढला की मागून दुसरा घरंगळतोच!

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नागपुरातल्या आमच्या शाळेत दोन कॉम्प्युटर आले आणि मी गणिताची बाई, म्हणून ते माझ्या गळ्यात पडले. आठ दिवसांचं ट्रेनिंग, बस्स! पहिल्याच दिवशी हेडमास्तरांनी दाराशी चपला काढल्या, आत डोकावले आणि म्हणाले, "बाई, एक जरी भानगड झाली, तर या खोलीला कायमचं कुलूप!"

* * *

प्रत्येकाची फाईल त्याच्याच पासवर्डने उघडेल असा प्रोग्राम मी लिहिला. "पासवर्ड कोणालाही सांगायचा नाही, मलासुद्धा नाही!" हे रोज वदवून घ्यायची. तिसऱ्याच दिवशी सावनेरहून येणाऱ्या गजाननची फाईल कोरी! पोरगं रडकुंडीला आलेलं.

"कोणाला सांगितलास?"

"एकालेच सांगतला बाई. त्यानं तर्री-पोहे खाऊ घातले."

"आणि त्याने?"

"त्यानं साऱ्या वर्गाले फुकटात सांगून टाकला!"

* * *

एकदा एक गृहस्थ स्क्रू-ड्रायव्हर घेऊनच आले. "कंपनीतून आलो. मशीन उघडून तपासायची आहे." मी भोळसट, बाजूला सरकलेसुद्धा. पण पोह्यांनी शहाणा झालेला गजानन आडवा आला. "काका, आधी चालू करून दाखवा."

गृहस्थांना बटणच सापडेना. घाम पुसत म्हणाले, "इथंच जरीपटक्यात रेडिओ दुरुस्त करतो जी. आत काय रायते, तेवढं पाहाचं होतं."

मला रागही आला आणि दयाही. चपला बाहेर काढायला लावून मी त्यांना मशीन दाखवलं, पण बाहेरूनच.

* * *

सुनंदा उमरेडच्या विणकराची पोर. टायपिंगला सगळ्यांत चपळ, बोलायला मुकी. तिचा पासवर्ड होता गावाचंच नाव, कोणीही ओळखावा असा. ओळखलाच! कोणीतरी तिच्या फाईलमध्ये घाणेरडी ओळ लिहिली. मी संतापाने ती पुसायला निघाले. तिने शांतपणे खाली टाइप केलं, "नाव लिहाले भेव लागते काय गा?"

दुसऱ्या दिवशी तिथे नाव आलं, माफीसकट. मगच तिने पासवर्ड बदलला.

* * *

आणि मग ती भानगड झालीच. नववीचे गुण मी रजिस्टरमधून वाचून दाखवले होते आणि सुनंदाने ते आपल्या फाईलमध्ये टाइप केले होते. एका मुलाचे गणिताचे गुण रजिस्टरात एकतीस, तिने उघडून दाखवलेल्या फाईलमध्ये एक्क्याऐंशी!

हेडमास्तरांनी आम्हा दोघींना ऑफिसात उभं केलं. टेबलावर खोलीची किल्ली आणि उघडं रजिस्टर.

"ज्याला ज्याला पासवर्ड माहीत, तो तो चोर! कोणाकोणाला माहीत आहे?"

"मले एकटीलेच, सर."

"मग तो सांग. आत्ता! यापुढे ती फाईल माझ्या ताब्यात. नाहीतर खोली बंद आणि तुझं नाव शाळेतून कमी."

माझी नजर रजिस्टरवर गेली. एकतीसच्या खालच्या ओळीत एक्क्याऐंशी होते. वाचताना माझीच नजर एक ओळ खाली घसरली होती! पण त्या ओळीवर मी बोट ठेवलंच नाही. लाज वाटते सांगायला, मनात म्हणत होते, सांगून टाक वं पोरी.

सुनंदाने मान वर केली. "सर, ज्याले माहीत तो चोर, असं तुमीच म्हणता. मंग तुमाले काहून चोर करू?"

तेव्हा कुठे मी रजिस्टरातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "सर, वाचणारी मी होते. माझी ओळ चुकली."

हेडमास्तरांनी दोन्ही ओळी ताडून पाहिल्या. त्यांनी किल्ली उचलली आणि सुनंदाच्या हातात ठेवली.