नायकाला आवाजच नाही

जपानमध्ये, ओजिमा भागातल्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक जपानी आजी राहतात. कचरा वेगळा करताना बाटलीशी एका आवाजात बोलतात, डब्याशी दुसऱ्या. मूकपट चालू असताना पडद्याशेजारी उभं राहून सगळ्यांचे आवाज काढायचे, ही त्यांची कला. हॉलिवूडची एक जुनी विनोदी नटी त्यांची फार लाडकी. तरुणपणी धपाधप पडून तिनं लोकांना हसवलं, आणि वय झाल्यावर तिच्या वाट्याला मोलकरणीच्याच भूमिका आल्या. त्याचा राग आजींना अजून आहे.

गेल्या रविवारी जवळच्या सभागृहात तिचा तसलाच, मोलकरणीच्या कामाचा मूकपट होता. ‘नायकाची गोष्ट नीट सांगा, नाहीतर हा तुमचा शेवटचा खेळ,’ असं तिथल्या व्यवस्थापकांनी बजावलेलं. आजी हो म्हणाल्या, आणि अहो, सगळी गोष्ट त्यांनी मोलकरणीच्या तोंडून सांगितली. नायक प्रेमानं ओठ हलवतोय आणि ही ट्रे धरून म्हणतेय, ‘बाई गं, याचे दात बघा.’ मला जपानी येत नाही; शेजारी बसून मराठीत सांगता सांगता माझी सूनबाई हसून थांबायची.

खेळ संपल्यावर व्यवस्थापक तणतणत आले. “नायकाला एक वाक्यसुद्धा दिलं नाहीत तुम्ही.”

आजी कमरेतून वाकल्या. “चुकलंच माझं. पुढच्या वेळी त्याला शिंकायला देते.”

व्यवस्थापकांनी ओठ आवळले, पण खांदे हलायला लागले. पुढच्या खेळाची तारीख त्यांना तोंड फिरवूनच सांगावी लागली.