नागभीडच्या तलावातले जेलीफिश

समुद्रापासून इतक्या लांब राहून जेलीफिशवर इतकं बोलणारा माणूस माझ्या मित्राच्या वडिलांखेरीज पृथ्वीवर दुसरा नसावा. नागभीडला जीवशास्त्र शिकवून सर निवृत्त झाले. म्हणजे पगार थांबला, शिकवणं नाही. जेलीफिश गोड्या पाण्यातही होतात आणि आपल्या गावतलावातही आहेतच, हा त्यांचा सिद्धान्त. मग दिसत का नाहीत, असं विचारणाऱ्याची दुपार गेलीच म्हणून समजा. "दिसन कसे? वर्षभर गोट्याले चिकटून राह्यते, टाचणीच्या डोक्याएवढे. पाणी तापलं का कळ्या फुटते, अन् त्या सुटून छत्रीवानी पोहते!" त्यामुळे ऊन तापलं की सर पँट दुमडून गुडघाभर पाण्यात उभे. तलावातल्या म्हशींनी त्यांना आपल्यात घेतलं होतं. गावाने अजून विचार केला नव्हता.

मित्रासाठी मुलगी पाहायला आम्ही चिमूरला गेलो, तेव्हा मुलीच्या वडिलांनी सौजन्याने विचारलं, "सर, वेळ कसा जाते आता?" बिचाऱ्यांना काय कल्पना! पोहे संपेस्तोवर सर प्रजननावर आले होते. "गंमत पाहा, एका तलावात बहुतेक सारे नरच निंगते, नाईतर साऱ्या माद्याच. मंग लगन कोनासंग करन? पन अडते का त्याईचं? गोट्यावर कळ्या फुटतच राह्यते. लग्नाची गरजच नाई!"

मुलीच्या वडिलांनी कप खाली ठेवला. मित्राने माझ्याकडे पाहिलं, मी कॅलेंडरकडे. आता उठायचं एवढंच बाकी होतं. तेवढ्यात चहा देणाऱ्या मुलीनेच विचारलं, "मंग सर, ते कोन्या महिन्यात दिसते?"

लग्न ठरलं. मित्राला ती आवडली होती की नाही, हे त्याला अजून कोणी विचारलेलं नाही.

पुढे काचबिंदूने सरांची नजर नेली. निसर्गाला वेळेची जाण दांडगी. त्यानंतरच्याच उन्हाळ्यात एका सकाळी सुनेने मला हाक मारून तलावावर नेलं. पाण्यात रुपयाएवढ्या पारदर्शक छत्र्या उघडमीट करत होत्या. मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या. तिने सासऱ्यांचा हात धरून त्यांना पाण्यात उतरवलं.

"हायेत ना?" सरांनी विचारलं.

"हायेत बाबा. लय हायेत. हा एक वर आला... आता छत्री मिटली... आता खाली चालला..."

आयुष्यात कोणाला वाक्य पुरं करू न देणारे सर मान खाली घालून ऐकत होते. ती थांबली, तसा त्यांनी तिचा हात दाबला.

"काऊन थांबली बेटा? सांग नं."