किल्लीवाल्याच्या भिंतीतलं फूल

आमच्या गल्लीतला किल्लीवाला इतका कमी बोलायचा, की त्याला ‘मुकेराव’ हे नाव मी ठेवलं आणि गल्लीने ते बिनतक्रार चालवलं. गिऱ्हाईक कुलूप समोर ठेवायचं, हा मान हलवायचा. किल्ली कधी मिळेल विचारलं, की हा बोटाने बाकाकडे दाखवायचा. त्या बाकावर बहुतेक वेळा मीच बसलेलो असायचो. त्यामुळे गिऱ्हाइकाचा वेळ जायचा आणि मला ताजी खबर मिळायची. घराबाहेर अडकलेला माणूस जितकं खरं बोलतो तितकं तो कोर्टात शपथ घेऊनही बोलत नाही.

त्याच्या वाटचं बोलणं त्याची बायको बोलायची, आणि वर स्वतःच्या वाटचंही. दुकानाच्या मागेच बिऱ्हाड, मधे नुसता पडदा. पडद्याआडून वहिनींचा आवाज यायचा, “भाऊजी, वरच्या मजल्यावरच्याने पुन्हा नोकरी सोडली म्हणे?” मी म्हणायचो, सोडली कसली, सोडायला लावली. की लगेच पडदा बाजूला व्हायचा, ओल्या हातांनी वहिनी बाहेर यायच्या आणि उरलेली हकिगत मलाच सांगायच्या, कारण ती त्यांना माझ्या आधीच कळलेली असायची. विचारायच्या फक्त मला किती ठाऊक आहे ते बघायला. किल्लीवाला कानस चालवत ऐकत असायचा. एखादी बातमी फारच चमचमीत निघाली तर त्याची कानस क्षणभर थांबायची. तेवढीच त्याची दाद.

एके दिवशी वहिनी भांडी विसळता विसळता नळापाशीच खाली बसल्या. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही. इस्पितळातून घरी आल्या तेव्हा एवढ्या मोठ्या साठ्यातला एकच शब्द शिल्लक होता, ‘तेच’. पाणी हवं असलं तरी तेच आणि नको असलं तरी तेच. मानेचाही भरवसा नाही. हो म्हणायचं असताना ती आडवी हलायची, नाही म्हणायचं असताना उभी, आणि अधूनमधून अगदी बरोबरही हलायची. ते तर जास्तच वाईट, कारण कधी धरून चालावं आणि कधी नाही हेच समजेना.

बोलायला शिकवणाऱ्या एक बाई घरी येऊ लागल्या. त्यांनी किल्लीवाल्याला सांगितलं, की पेशंटने आपणहून एखाद्या वस्तूकडे बोट दाखवलं तर त्या वस्तूचं नाव स्पष्ट, पुन्हा पुन्हा म्हणा. एक शब्द सुटला तर मागचेही सुटायची आशा असते. आशा हा शब्द बाईंनी अगदी चिमटीत धरून दिला होता. याने तो ओंजळ भरून घेतला.

झालं, तेव्हापासून हा माणूस बोलायला लागला. पडद्याआडून आता त्याचा आवाज यायचा. चमचा, चमचा, चमचा. उशी, उशी. मी बाकावर बसून ऐकायचो. मुकेराव हे नाव मी कुणाला न सांगता मागे घेतलं. गल्लीनेही घेतलं, आणि गल्ली सहसा काही मागे घेत नाही.

मागच्या दाराबाहेर हातभर अंगण आहे. एक नळ, धुण्याचा दगड आणि समोर शेजारच्या गोदामाची उंच भिंत. सकाळचं ऊन तिथे थोडा वेळ येतं म्हणून तो वहिनींची खुर्ची भिंतीला खेटून ठेवायचा. एका सकाळी तो दुकानात एका माणसाच्या सुटकेसचं कुलूप उघडत होता. आतून वहिनींचं तेच, तेच जोरात ऐकू आलं तसं ते टाकून तो आत पळाला आणि परत आला तो धापा टाकत.

“तिने बोट दाखवलं, नाना. आपणहून.”

मी आत गेलो. भिंतीला पाण्याच्या नळीजवळ एक चीर होती आणि तिच्यातून एक रोप बाहेर डोकावत होतं. पंजाएवढं असेल. कडा कुरतडल्यासारखी लवदार पानं, बारीक दांडे आणि त्यांवर थोडी फुलं. पांढऱ्या अरुंद पाकळ्या, पाठीमागून किंचित लालसर, मधे पिवळं बटण. वहिनींचा डावा हात त्याच्याकडे होता आणि तोंडाने चालू होतं, तेच, तेच.

“हे काय आहे?” त्याने मला विचारलं.

मी म्हटलं, फूल आहे. तर म्हणाला, फूल आहे ते मलाही दिसतंय, नाव काय त्याचं? मी म्हटलं, अरे, फूल म्हण आणि मोकळा हो, तो शब्द काय वाईट आहे? त्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याला लोखंडी कुलपाला लाकडी किल्ली करायला सांगितलीय.

“जवळपास बसते अशी किल्ली नसते, नाना,” तो म्हणाला. “बसते, नाहीतर बसत नाही.”

त्याने एक फूल खुडलं, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि निघाला. सुटकेसवाला बाकावर माझ्या स्वाधीन. त्याची सासरची सगळी भांडणं मला त्या दिवशी कळली, पण ती सांगायला आत कुणी नव्हतं.

समोरचा न्हावी जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर हातातली कात्री न थांबवता देतो. त्याने वर न बघताच सांगितलं, शेवंती. किल्लीवाला घरी आला, खुर्चीपुढे उकिडवा बसला, फूल वहिनींच्या डोळ्यांपुढे धरलं आणि म्हणाला, शेवंती. शेवंती. वहिनींनी खुर्चीच्या हातावर थाप मारली, तेच, तेच, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. नाही बसत, तो म्हणाला. कोपऱ्यावरच्या फुलवालीला नेऊन दाखवायला त्याने दुसरं खुडलं, कारण पहिल्याने तोवर मान टाकली होती. फुलवाली खूप हसली. ही शेवंती असेल तर मी परी आहे, म्हणाली, आणि आमची फुलवाली चांगली ऐसपैस आहे. तिच्या मते ती डेझी होती, बंगलेवाले कुंड्यांत लावतात ती. घरी येऊन डेझी, डेझी. पुन्हा थाप, पुन्हा पाणी.

मूळ किल्ली हरवली असली की किल्लीवाले काय करतात ते मी त्या बाकावरून पुष्कळदा पाहिलंय. कोऱ्या किल्लीला दिव्याची काजळी धरवायची, कुलपात घालून हलकेच फिरवायची, बाहेर काढायची आणि काजळी कुठे पुसली गेली ते बघून तिथे कानस मारायची. पुन्हा काजळी, पुन्हा कुलूप. बायकोच्या बाबतीत त्याने नेमकं तेच चालवलं होतं. एक नाव घालायचं, तिच्या चेहऱ्यावर कुठे काय घासलं ते बघायचं, आणि दुसरं आणायला निघायचं. औषधाच्या दुकानातल्या म्हातारबुवांनी एकदांडी सांगितली. एका गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये झाडं ओळखायची सोय होती. समोरून फोटो काढल्यावर तिने एक नाव सांगितलं, बाजूने काढल्यावर दुसरं, आणि पाठीमागून काढल्यावर ती अळंबी आहे असा निकाल दिला. ती सगळी नावं त्याने घरी नेली. अळंबीसुद्धा. प्रत्येक नावाबरोबर एक ताजं फूल.

गल्लीला विषय मिळाला. जो तो आपापलं नाव घेऊन दुकानात यायचा. काहींनी तर मला वाटतं तिथल्या तिथे नावं बनवली. त्यांतलं एक मीच एका कंटाळवाण्या दुपारी बनवलं होतं, पण ते त्याला सांगण्याआधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गिळून टाकलं. त्याची लेक दुसऱ्या गावाहून फोनवर ओरडायची, बाबा, फुलाचं काय घेऊन बसलात, आईची औषधं वेळेवर होतायत का? औषधं वेळेवर होत होती. कुलपं तेवढी पडून राहत होती.

शेवटी मी माझ्या भाचीला बोलावलं. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. लहानपणी फार रडकी होती. आता कॉलेजातली पोरं तिला घाबरतात म्हणे, आणि मला त्याचा अभिमान आहे. ती आली तेव्हा रोपावर एकच उमललेलं फूल आणि एक मिटलेली कळी उरली होती. बाकी नुसते तोडलेले दांडे.

भाचीने पिशवीतून भिंग काढलं. ती किल्लीवाल्याला म्हणाली, काका, हे दिसतं एक फूल, पण मधल्या पिवळ्या बटणात बारीक बारीक पुष्कळ फुलं दाटीने बसलेली असतात. या घराण्यात हजारोंनी जाती, आणि कित्येक एकमेकींच्या सख्ख्या बहिणी वाटाव्यात अशा. नेमकी जात कळायला फूल उलगडून पाहावं लागेल. असं म्हणून तिने ते खुडायला हात पुढे केला.

वहिनींनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं.

चांगलं घट्ट धरलं. भाचीने हात मागे घेतला तशी पकड सैल झाली. तिने मुद्दाम पुन्हा पुढे केला, पुन्हा घट्ट. भाची थोडा वेळ वहिनींकडे बघत राहिली, मग त्या तोडलेल्या दांड्यांकडे.

“काका,” ती म्हणाली, “त्यांना नाव नकोय बहुतेक. त्यांना ते तिथंच हवंय.”

किल्लीवाल्याने खिशाला हात लावला. आत काहीतरी सुकलेलं होतं. तो खुर्चीपुढे बसला.

“तोडायचं नव्हतं का गं?” त्याने विचारलं. “म्हणून रडत होतीस?”

“तेच,” वहिनी म्हणाल्या.

आता यावर काय करायचं? शेवंतीलाही तेच म्हणाल्या होत्या, अळंबीलाही तेच. तो माझ्याकडे बघायला लागला, मी भाचीकडे, आणि भाची भिंग पुसायला लागली. मनगट धरलं म्हणजे तोडू नकोस, की मला दे, की कोण तू बाई? तुम्हीच सांगा.

पण त्याच्या डोक्यातून नाव काही जात नव्हतं. भाचीने जाता जाता एक वाट सांगितली. फूल तोडू नका, पिकू द्या. या घराण्यात बी बघितलं की ओळख पुष्कळ सोपी होते. मात्र बी पिकलं की कापसासारखं उडून जातं, म्हणून फूल सुकायला लागलं की त्यावर पातळ कापडाची पिशवी बांधून ठेवा. ते उमललेलं फूल दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावरून पडलेल्या ओल्या चादरीखाली चेंगरलं. उरली कळी.

तिची जशी बडदास्त त्याने ठेवली तशी मी आजवर कुठल्या जावयाची पाहिली नाही. उमलली, फुलली, पाकळ्या गळाल्या. वहिनी तिच्याकडे बघत बसायच्या, हाताने थाप नाही की डोळ्यांत पाणी नाही. एका सकाळी त्याने जुन्या मलमलीचा तुकडा कापला, त्याची इवली पिशवी शिवली, आणि कुलपाच्या पोटातल्या बारीक कमानी बसवणाऱ्या त्या बोटांनी ती सुकत्या फुलावर दोऱ्याने बांधली. दांडा हललासुद्धा नाही.

वहिनींनी ते पाहिलं आणि त्यांचा जो आवाज सुरू झाला, तो मी बाकावर बसून ऐकला. रडणं म्हणावं तर रडणं नव्हतं. तेच, तेच, तेच, न थांबता. त्याने खुर्ची आत नेली तरी तेच, समजूत घातली तरी तेच. पिशवीकडे बोट दाखवून तो सांगत होता, अगं, थोडेच दिवस, नाव कळेल, मग काढतो. जेवण तसंच राहिलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना मीच परत पाठवलं.

दुपार उतरताना तो अंगणात गेला. मी पडदा बाजूला करून बघत होतो. दोऱ्याची गाठ हाताशी असून तो बराच वेळ नुसता उभा होता. मग त्याने गाठ सोडली, पिशवी घडी करून खिशात घातली आणि वहिनींची खुर्ची पुन्हा बाहेर आणली. त्या गप्प झाल्या. निदान तेवढं तरी झालं, असं म्हणून मी उठलो.

दुसऱ्या दिवशी वारा होता. दांड्यावर पांढरा भुरका गोळा फुलला होता. तो दुपारपर्यंत टिकला नाही. उडालं ते गोदामाच्या पत्र्यावरून पलीकडे गेलं, आणि पलीकडे रस्ता आहे. किल्लीवाला तिथे जाऊन वाकून वाकून बी शोधून आला. वहिनी मात्र रिकाम्या दांड्याकडे बोट करून म्हणाल्या, तेच, आणि त्यांच्या डोळ्यांत पुन्हा पाणी होतं. म्हणजे फूल तिथं असावं हेच हवं होतं, की दुसरंच काही, तेही कळायचं राहिलं.

पुढे रोप वाळलं. मी भाचीला फोन करून विचारलं, पुन्हा येईल का गं? ती म्हणाली, मामा, काही जाती एकदाच येतात आणि संपतात, काहींचं मूळ भिंतीत जिवंत राहतं आणि पुन्हा फुटतात. ही कुठली आहे ते कळल्याशिवाय कसं सांगू?

आता मी रोज सकाळी आतच जाऊन बसतो. गल्लीतल्या बातम्या वहिनींना सांगतो, थोडं तिखटमीठ जास्तच लावतो. ऐकतात. मधे एखादी दुरुस्ती करावीशी वाटली की कपाळाला आठी पडते, पण दुरुस्ती कुठली ते मला कळत नाही. किल्लीवाला नळाखाली प्लॅस्टिकचा मग भरतो आणि भिंतीच्या चिरेत धार सोडतो. वरच्या मजल्यावरचा, तोच तो नोकरी सुटलेला, गॅलरीतून बघून हसतो.

मगमधलं पाणी अर्धं झालं की किल्लीवाला थांबतो, वळून वहिनींना विचारतो, “पुरे?”

“तेच,” त्या म्हणतात.

पुरे की अजून, हे कळायला मार्ग नाही. तो थोडं आणखी ओततो आणि थोडं मगमध्ये ठेवतो.