नुसतं दुखतंय ना

शोकसभेत सेक्रेटरींनी वहिनीला ‘सोसायटीचं भूषण’ म्हटलं आणि मी उठून बाहेर आले. बसले असते तर तोंडातून काय निघालं असतं, देव जाणे. माझ्या थोरल्या भावाची बायको सुलभा गेल्या महिन्यात झोपेतच गेली... आणि तिच्या पेशंटना ज्यांनी दारात उभं केलं नाही, तेच आता गळा काढत होते.

वहिनी मुंबईतल्या एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. आम्ही गिरगाव सोडून भाईंदरजवळच्या सिल्व्हर पार्कात शेजारी शेजारी ब्लॉक घेतले, तेव्हापासून कामावरून आली की ती स्वयंपाकघरात मेण वितळवायला ठेवायची. संधिवातानं आखडलेले हात त्या गरम मेणात पुन्हा पुन्हा बुडवायचे, थर चढला की टॉवेलात गुंडाळून ठेवायचे, मग मेण सोलून एकेका बोटाचा व्यायाम. बिल्डिंगमधल्या बायका यायच्या, तशी भाईंदरच्या मिठागरात जन्म घालवलेली जनाबाईही यायची. हात मोकळे झाले की दोन दिवस तिला भाकरी थापता यायची.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला आणि इथं सगळ्यांची पाचावर धारण बसली. सुरतेच्या गाड्या आपल्याच स्टेशनांतून जातात ना. जो तो तोंडाला रुमाल बांधून फिरतोय, केमिस्टकडे कॅप्सूलसाठी झुंबड. भीती खोटी होती असं मी म्हणत नाही, मीही एक पाकीट आणून ठेवलं होतं. पण इस्पितळानं वहिनीचा विभागच बंद केला आणि तिला ताप तपासायला बसवलं. दुखण्याचे पेशंट म्हणे निकडीचे नाहीत. अहो, बाईला स्वतःची वेणी घालता येत नाही, चहाचा कप धरता येत नाही, ते निकडीचं नाही? ठरवलं कोणी, ज्यांचं काहीच दुखत नाही त्यांनी? मग तिकडचे पेशंटही पत्ता शोधत घरी यायला लागले, आणि सोसायटीनं फतवा काढला, बाहेरचा एकही पेशंट आत नको.

जनाबाईला गेटवर अडवलं त्या संध्याकाळी मी तिथंच होते. “ऑर्डर है, मॅडम,” वॉचमन खाली बघत मला म्हणाला. जनाबाई त्याला समजावत होती, “मना ताप न्हाय रं बाबा. हात वलत न्हाय.” एवढ्यात वहिनी बाहेर आली आणि मागोमाग सेक्रेटरी, नाकावर रुमाल दाबून.

“सुलभाताई, समजून घ्या. नुसतं दुखतंय ना? दुखण्यानं कोणी मरत नाही.”

“नाही मरत,” वहिनी म्हणाली. “म्हणून तर रोज सोसावं लागतं.”

ती आत गेली आणि मेणाचं पातेलं गोधडीत गुंडाळून, स्टोव्ह आणि स्टूल घेऊन गेटबाहेर आली. कंपाउंडच्या भिंतीला टेकून तिनं जनाबाईचे हात मेणात बुडवले. रुमालवाले रस्ता ओलांडून पलीकडून जात होते. कोणी त्याला थेरंही म्हटलं. दुसऱ्या दिवशी इतर पेशंटही तिथंच येऊन बसले.

साथ ओसरली, रुमाल सुटले, इस्पितळातला विभाग उघडला. फतवा मात्र कोणी मागे घेतला नाही, आणि वहिनी इतकी वर्षं भिंतीपाशीच बसत राहिली. पावसात केमिस्टच्या पत्र्याखाली. मी शंभरदा म्हटलं, जा, भांड त्यांच्याशी. “भांडत बसले तर मेण निवतं गं,” म्हणायची. मला तिचा रागच यायचा. आता वाटतं, भांडायला मी होते की... मी कुठे भांडले?

परवा संध्याकाळी जनाबाई बऱ्याच दिवसांनी भिंतीपाशी येऊन बसलेली दिसली. तिला कोणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं तशी ती पदर तोंडाशी धरून रडली. मग हळूच म्हणाली, “मंग आता हातांचा काय?” आणि विचारलं म्हणून लगेच ओशाळली.

मी वॉचमनला गेट उघडायला लावलं. कोणी विचारलं तर माझं नाव सांग, म्हटलं. तिला वहिनीच्या स्वयंपाकघरात बसवलं, गॅस पेटवला. पातेल्यातलं घट्ट मेण कडेनं सुटायला लागलं. पेशंटचा हात धरण्याआधी वहिनी नेहमी एक थेंब स्वतःच्या मनगटावर टाकून बघायची. मी टाकला. चरकन चटका बसला. गॅस बंद केला आणि आम्ही दोघी मेण सोसवेल इतकं होईपर्यंत तिच्या ओट्यापाशी बसून राहिलो.