उस्तादांच्या दोन भिंती

उस्ताद मला ‘पावणेदोन’ म्हणायचे. माझा डावा पाय उजव्यापेक्षा दीड इंच आखूड आहे, जन्मापासूनच. शाळेत मला याहून वाईट नावं होती आणि ती ठेवणाऱ्यांच्या पेन्सिली मी मोडून ठेवत असे. पण उस्तादांवर राग धरता यायचा नाही, कारण ते स्वतःच्या बायकोलाही ‘पाच नंबर रुंद’ म्हणत. त्यांच्या लेखी माणूस पायापासून सुरू व्हायचा. वर चेहराही असतो, हे त्यांना जोडा तयार झाल्यावर आठवायचं.

मी सात वर्षांची असताना आई मला पहिल्यांदा त्यांच्याकडे घेऊन गेली. मोठ्या जुन्या इस्पितळाच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. त्या गल्लीत एक कुबड्या करणारा, एक कंबरेचे पट्टे शिवणारी, एक चष्म्याच्या काचा घासणारा आणि अगदी टोकाला उस्ताद. इस्पितळातून माणूस बरा होऊन बाहेर पडला, की त्याची उरलीसुरली डागडुजी या गल्लीत होत असे. ज्यांचे पाय बाजारातल्या बुटांत मावत नाहीत, त्यांचे बूट उस्ताद करायचे. वाकडे पाय, सुजलेले, बोटं गेलेले, एक लांब नि एक आखूड, असे सगळे.

दुकान इतकं अरुंद, की मध्ये उभं राहून उस्तादांनी हात पसरले की दोन्हीकडे भिंतींना बोटं टेकायची. डाव्या भिंतीवर डाव्या पायांचे लाकडी साचे टांगलेले, उजव्या भिंतीवर उजव्या पायांचे. त्या साच्याला ते फर्मा म्हणत. गिऱ्हाइकाच्या पायाबरहुकूम तासलेला, जिथे हाड वर आलंय तिथे चामड्याचा तुकडा ठोकलेला. असे सहाशेच्या वर फर्मे होते आणि एकावरही नाव नव्हतं.

‘नाव का नाही लिहीत?’ मी एकदा विचारलं होतं.

‘कशाला? पायाला काय हाक मारायची असते?’

गिऱ्हाईक दारात आलं की उस्ताद त्याच्या पायाकडे एकदा बघत, कधी दोन, कधी चार पावलं आत जात, तिथे उभे राहून दोन्ही हात पसरत आणि मान न वळवता दोन्ही भिंतींवरून एकेक फर्मा उतरवत. मला लहानपणी वाटायचं, हे मला हसवायला असं करतात. मी हसायचेही. तेहतीस वर्षं मी तो प्रकार बघितला आणि तेहतीस वर्षांत त्याचा अर्थ काय, हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

जोडा झाला की परीक्षा. दुकानाला खाली लाकडी फळ्या होत्या. उस्ताद ‘चाल’ म्हणत, आपण दारापर्यंत जाऊन परत यायचं. ते आपल्याकडे पाठ करून, डोळे मिटून उभे राहत आणि फळ्यांवरचा आवाज ऐकत. मग म्हणत, ‘डावी टाच दोन कागदांएवढी उतरवायला पाहिजे.’ जोडा बसला का, असं त्यांनी कधीच विचारलं नाही. मी आपणहून सांगायला गेले तर म्हणाले, ‘तू काय सांगणार? तुला दुखायची सवय झालीय. फळी खोटं बोलत नाही.’

आता नव्या परिसराबद्दल. जुनं इस्पितळ आणि आसपासच्या गल्ल्या टप्प्याटप्प्याने पाडून तिथे आरोग्याभोवती एक अख्खी नवी वस्ती उभी करायची ठरली. प्रयोगशाळा, नवी उपकरणं शोधून काढणाऱ्यांची कार्यालयं, दवाखाने, खाली दुकानं, वर राहायची घरं, मधून झाडांच्या सावलीतल्या दगडी पायवाटा. मी त्याच प्रकल्पाच्या स्थलांतर विभागात कारकून आहे. कुणाचं काय सामान आहे, ते कधी हलवायचं आणि कुठे न्यायचं, याचे कागद मी करते. आणि मला हा प्रकल्प आवडत होता, अजूनही आवडतो. आईच्या छातीच्या तपासणीला पूर्वी आख्खा दिवस जायचा, आता अर्ध्या तासात मोकळी होते. त्यामुळे विकासाच्या नावाने बोटं मोडायची असतील तर ती दुसऱ्या कुणी मोडावीत.

आमच्या आराखडेवाल्या बाई स्वतः गल्लीत आल्या होत्या. उस्तादांच्या दुकानात बुटक्या स्टुलावर बसल्या, चप्पल काढून पाय पुढे केला, माप दिलं. नव्या रस्त्यावर दर्शनी जागा देऊ म्हणाल्या आणि शब्दाप्रमाणे दिलीसुद्धा. बाई वाईट असत्या तर किती बरं झालं असतं. मला कुणावर तरी ओरडता आलं असतं.

सामान हलवायचा दिवस आणि उद्घाटनाचा दिवस एकच आला. गल्लीतला सर्वांत जुना कारागीर म्हणून उस्तादांना व्यासपीठावर बसवायचं होतं. ते तयार होईनात.

‘सामान हलताना मी इथे पाहिजे.’

‘उस्ताद, कागद मी केलाय,’ मी म्हणाले. ‘एक खिळा इकडचा तिकडे होणार नाही. मी आहे ना!’

‘जा हो,’ काकू म्हणाल्या, म्हणजे त्यांची बायको. ‘चाळीस वर्षं लोकांच्या पायाशी बसलात, एक दिवस वर बसून बघा कसं वाटतं.’

कागदावर नेहमीप्रमाणे छापलेलं होतं, ‘लाकडी वस्तू, अंदाजे बारा खोकी.’ मला ते फार रुक्ष वाटलं. उस्तादांचे फर्मे म्हणजे काय सरपण आहे? म्हणून मी त्याखाली स्वतःच्या हाताने, ठळक अक्षरांत एक ओळ लिहिली: ‘जोड्या लावून भरणे. एकही जोडी विजोड होता कामा नये.’ लिहून झाल्यावर मला स्वतःचं कौतुक वाटलं.

समारंभात उस्ताद नवा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते. प्रमुख पाहुणे बोलत होते आणि उस्ताद त्यांच्या बुटांकडे बघत होते. परत येताना मला म्हणाले, ‘त्या माणसाचा गुडघा दोन वर्षांत जाणार. उजवी टाच बाहेरून झिजलीय बघ.’ खुशीत होते. मीही खुशीत होते.

जुन्या दुकानाच्या दारात हमालांचा मुकादम घाम पुसत उभा होता. खोकी रांगेत लावलेली, सुतळीने बांधलेली, वर आकडे घातलेले. मला बघून तो पुढे आला.

‘बाई, तीन तास गेले हो. सगळे विजोडच टांगलेले होते! इकडे सहा नंबर, तर समोरच्या खिळ्याला चार नंबर. आम्ही सगळे खाली काढले, मापं लावली, डाव्याला उजवा बरोबर जुळवला. तुम्ही लिहिलं होतं तसं, एकही जोडी विजोड ठेवली नाही. अठरा तेवढे उरले, त्यांना काही केल्या जोडीदार मिळेना. ते वेगळे बांधलेत.’

उस्ताद आत गेले. दोन्ही भिंतींवर नुसते खिळे होते. ते चार पावलं चालले, थांबले आणि त्यांनी हात पसरले. दोन्हीकडे बोटं रिकाम्या खिळ्यांना लागली. मग त्यांनी हात खाली घेतले.

तेव्हा मला कळलं. समोरासमोरच्या दोन खिळ्यांवर एका माणसाचे दोन पाय असायचे. तीनशे माणसांची वही म्हणजे ती खोली होती आणि त्या वहीचं पान न् पान मी सुटं करून टाकलं होतं. त्यांच्याकडे येणाऱ्या कुणाचेच दोन पाय सारखे नव्हते, म्हणून तर ती माणसं तिथे येत होती. हे मुकादमाला माहीत असायचं कारण नव्हतं. पण मी तर त्यांच्यातलीच एक होते!

‘असं कुणी सांगितलं?’ उस्तादांनी विचारलं.

मुकादमाने कागद पुढे केला. माझं अक्षर त्यांना ओळखता येत होतं, लहानपणी त्यांच्याच दुकानात बसून मी शुद्धलेखन काढायचे. त्यांनी कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि मुकादमाला म्हणाले, ‘बांधलंय चांगलं.’ मग काकूंना हमालांसाठी चहा टाकायला सांगितला. मला दोन शिव्या घातल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते.

नवं दुकान काचेचं होतं आणि जुन्याच्या चौपट रुंद. सजावटवाल्याने फर्मे एका भिंतीवर दोन-दोन करून लावले, सगळे जुळे, वर दिवे सोडले. पायवाटेवरून जाणारे लोक थांबून फोटो काढायचे. खाली रबराची मऊ फरशी होती, पडलं तरी लागू नये म्हणून परिसरातल्या सगळ्या इमारतींत तीच घातली आहे. तिच्यावर घोडा चालवला तरी आवाज येणार नाही.

‘नवे फर्मे करू या,’ मी म्हणाले. तर शेजारी प्रयोगशाळा. लाकडाचा भुसा उडवायचा नाही, वासाचा डिंक वापरायचा नाही, असा नियम. मी अर्ज घेऊन आराखडेवाल्या बाईंकडे गेले. त्यांनी तो दोनदा वाचला.

‘मी तीनदा वर लिहिलंय,’ त्या म्हणाल्या. ‘हवेचे नियम माझ्या हातात नाहीत गं. दुसरी जागा मागितली, तर तीही नाही म्हणाले.’ आणि त्या खरंच सांगत होत्या, त्यांची पत्रं मी पाहिली आहेत. मग त्यांना बैठकीला जायचं होतं.

उस्तादांनी पाच महिने जोड्या लावल्या. जुनं गिऱ्हाईक आलं की त्याचा पाय मांडीवर घ्यायचा, बोटांनी चाचपायचा आणि मग भिंतीशी जाऊन एकेक फर्मा तसाच चाचपत बसायचं. तीनशेतले चाळीसेक जण सापडले. पण गिऱ्हाइकं कमी होत चालली होती. पलीकडच्या दवाखान्यात काचेवर पाय ठेवला की त्याचं चित्र निघतं आणि आठ दिवसांत आतला तळवा तयार मिळतो. तो चांगला असतो, मी खोटं कशाला बोलू? पट्टे शिवणाऱ्या बाईनेही तो घेतला आणि महिनाभर उस्तादांच्या दारावरून जायचं टाळलं.

‘त्या काचेला निदान चष्मा तरी लागत नाही,’ काकू उस्तादांना म्हणाल्या. उस्तादांनी हातातला फर्मा भिंतीवर परत लावला.

मग एके दिवशी त्यांनी जाहीर करून टाकलं. ‘पावणेदोनचा जोडा जमला तर दुकान चालवायचं. नाही जमला तर चावी देऊन मुलीकडे राहायला जायचं.’ मुलगी लांबच्या शहरात, चौथ्या मजल्यावर राहते. काकू माझ्या पायाकडे बघायला लागल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आखूड पायावर कुणाची तरी आशा होती.

उजवा फर्मा लगेच मिळाला. डाव्यासाठी तीन जण उमेदवार होते. माझा पाय मांडीवर घेऊन ते तासभर बसले. त्याच त्या जागा पुन्हा पुन्हा चाचपत होते. शेवटी एक निवडला. ‘हाच,’ म्हणाले. तीन आठवडे खपून त्यांनी जोडा केला आणि मला बोलावलं.

पाय घालताच कळलं. करंगळी चेपत होती आणि टाच आत मोकळी हलत होती. फर्मा दुसऱ्याच कुणाचा तरी होता.

‘चाल,’ उस्ताद म्हणाले आणि पाठ करून, डोळे मिटून उभे राहिले. मी दारापर्यंत गेले, परत आले. रबरावर काहीच वाजलं नाही. ते तसेच उभे होते. मी येऊन थांबलेय हेसुद्धा त्यांना कळलं नव्हतं.

‘आले मी,’ मी म्हणाले.

ते वळले. आधी पायांकडे आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी विचारलं, ‘बसला?’

‘बसला.’

‘अगदी?’

‘अगदी.’

तेहतीस वर्षांत त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. काकूंनी डोळ्याला पदर लावला आणि मला पोटभर हसून दाखवावं लागलं.

निघताना उस्ताद मला पोचवायला दारापर्यंत आले. मी उंबरा ओलांडला आणि थबकले. समोर पायवाट, दगडी. त्या दगडावर माझं एक पाऊल पडलं असतं तरी टाच किती सैल आहे ते त्यांना दारातून ऐकू गेलं असतं. मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. उस्ताद काही आत जाईनात.

‘जा की आता,’ ते म्हणाले.

‘जाते ना. तुम्ही व्हा आत.’

मी उभी, ते उभे. चावी शोधून झाली, रुमाल शोधून झाला. शेवटी त्यांनीच मान हलवली, आत पाऊल घेतलं आणि काचेचं दार ओढून लावून घेतलं. ती जाड काच आहे, तिच्यातून आवाज जात नाही. ते पाठ करून उभे राहिलेले मला दिसत होते. मग मी चालायला लागले.

सोमवारी काकू आमच्या विभागाच्या खिडकीशी आल्या. दुकानाची चावी त्यांनी माझ्यासमोर ठेवली.

‘दगडावर पाय टाकायला घाबरलीस तेव्हाच कळलं म्हणाले. रागावलेले नाहीत हं. फक्त एवढं सांग म्हणाले, की पुन्हा दुखायची सवय लावून घेऊ नकोस. त्या काचेवर जाऊन पाय ठेव.’

जागा परत घेतल्याचा फॉर्म मीच भरते. त्यात ‘कारण’ असा एक रकाना आहे. त्यात काय लिहावं ते मला सुचेना, तेव्हा काकूच म्हणाल्या, ‘लिही, स्वखुशीने.’ मी तेच लिहिलं, माझ्याच त्या ठळक अक्षरांत, आणि पावती फाडून त्यांच्या हातात दिली.