बेफ्रीनच्या पोराला मांडी

बैल बाजारात उभा केला की गिऱ्हाईक आधी त्याचा जबडा उघडून दात बघतं, मग शेपटी पिळून तो किती उसळतो ते बघतं. बेफ्रीनचे दात असेच बघितले गेले होते. आता तुम्ही म्हणाल, ही शे-दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट असेल. छे! लोकांच्या खिशात फोन होते, आणि बेफ्रीनच्या आधी तिचा फोटो गिऱ्हाइकाच्या फोनवर पोचला होता. आज ती फ्रँकफर्टला खेटून असलेल्या ऑफेनबाखमध्ये राहते, विमानात जाणाऱ्या जेवणाच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरते, आणि मुकादमानं आवाज चढवला तर सुरी खाली ठेवून त्याच्याकडे अशी बघते की तो बिचारा ‘आल्झो, गुट’ म्हणजे ‘बरं, ठीक’ म्हणत पुढच्या टेबलाकडे सटकतो.

ती याझिदी. इराकमधल्या सिंजारच्या डोंगराखालची. उगवत्या सूर्याकडे तोंड करून हात जोडणारे हे लोक. इराक आणि सीरियात यादवी माजली तेव्हा काळ्या झेंड्याची माणसं गाड्या भरभरून त्यांच्या गावात उतरली. बाया एकीकडे, पुरुष एकीकडे. पोरगेलेशा मुलांना त्यांनी हात वर करायला लावले. ज्याच्या काखेत केस, तो ओढ्याकडे. बेफ्रीनच्या धाकट्या भावाला नुकतीच लव फुटली होती. घरात त्यावरून सगळे त्याला चिडवायचे. तो बापाच्या मागोमाग ओढ्यात उतरला. गोळ्यांचा आवाज बराच वेळ चालला, मग एकेक सुटी गोळी, आणि मग नुसती कुत्री. थोरला भाऊ खलफ मेंढरं घेऊन डोंगरावर गेला होता, म्हणून तेवढा वाचला.

बेफ्रीन तीनदा विकली गेली. पहिल्यानं तिला दुसऱ्याला दिलं ते एका बंदुकीच्या बदल्यात. दुसऱ्यानं ती पळाली म्हणून तिच्या तळपायांवर विजेच्या वायरीनं मारलं, इतकं की जखमा भरेपर्यंत ती गुडघ्यांवर रांगत होती. तिसरा सीरियातल्या राक्का शहरातला. त्याच्या घरात तिला मूल झालं, मुलगा. त्यानं पोराला स्वतःच्या बापाचं नाव दिलं. ती मात्र ओढणीआड धरून त्याच्या कानात म्हणायची, रोनी. तिच्या भाषेत रोनी म्हणजे उजेड.

एका सकाळी विमानं आली आणि घराचं छत खाली बसलं. धूळ खाली बसली तेव्हा बेफ्रीन उभी होती, पोर कडेवर होतं, आणि मालक कमरेपर्यंत विटांखाली गाडला गेला होता. त्यानं हात लांब करून तिचा घोटा धरला.

“पोरगं ठेव,” तो म्हणाला. “ते माझं आहे. तू जा.”

बघा, मरणाच्या दारातही मालकी सुटत नाही! जवळच खलबत्त्यातला पितळी बत्ता पडला होता. बेफ्रीननं तो उचलला आणि त्या मनगटावर घातला. बोटं सुटली नाहीत. पुन्हा घातला. हाड कडाकडा वाजलं, मालक गुरासारखा ओरडला, पण दोन बोटं अजून घोट्यात रुतलेली होती, तीही तिनं ठेचून काढली. मग ती पोराला घेऊन रस्त्यावर आली. कुणी म्हणालं की बेफ्रीनला फौजेनं सोडवलं, तर ती आजही फट्‌कन म्हणते, “नाइन, नाही. मी सुटले.”

सुटणं एक आणि आपल्या माणसांत परतणं दुसरं. बेफ्रीन पोराला घेऊन जर्मनीत पोचली, तेव्हा खलफ तिच्या आधीच तिथे आला होता. गीसेनला राहून व्हॅनमधून पार्सलं पोचवत होता. धर्मातल्या जाणत्यांनी मोठं मन केलं होतं: पळवून नेलेल्या मुली निर्दोष, त्यांना पवित्र झऱ्याच्या पाण्यानं न्हाऊ घालून घरात घ्या. पण त्यांच्या पोटच्या पोरांना ते दार उघडलं नव्हतं.

खलफ बहिणीला भेटायला आला. तिला पोटाशी धरून ढसाढसा रडला. मग कोपऱ्यात खेळणारं पोर त्याला दिसलं, आणि त्याचा चेहरा दगडासारखा झाला.

“इथे युगेंडआम्ट आहे, मुलांसाठीची सरकारी कचेरी,” तो म्हणाला. “टाकलेल्या मुलांना चांगलं घर शोधून देतात. पोरगं ठेव आणि तू चल.”

“हे मी आधी एकदा ऐकलंय,” बेफ्रीन म्हणाली. “म्हणणाऱ्याची बोटं शिल्लक राहिली नाहीत.”

“त्याच्या बापानं आपल्या बापाला ओढ्यात घातलं, बेफ्रीन!”

“बाप ओढ्यात गेला तेव्हा हा जन्मला तरी होता का?”

खलफ चहाला न थांबता गेला. त्यानंतर तो फोनवर एवढंच सांगायचा: पोर आपल्यात येणार नाही. त्याची सुंता होणार नाही, कारण ह्याला मांडी देणारं कुणी मिळणार नाही.

आता ही मांडी म्हणजे काय, ते सांगायला हवं. त्यांच्यात मुलाची सुंता होते तेव्हा तो एका माणसाच्या मांडीवर बसतो. मांडीवर पांढरं कापड, आणि रक्ताचा थेंब त्या कापडावर पडायचा. तो पडला की तो माणूस किरीव झाला. त्याचं घर आणि मुलाचं घर पिढ्यान्‌पिढ्या एक. एकमेकांत सोयरीक नाही, वैर नाही, दार बंद करणं नाही. किरीवावर हात उगारणं म्हणजे बापावर उगारण्यापेक्षा वाईट. आणि गंमत अशी की सोयरीक होता कामा नये, म्हणून किरीव शक्यतो परक्यांतलाच शोधतात. तिकडे गावात शेजारचा मुसलमान, ख्रिश्चन असा कुणीतरी असायचा.

कांदा चिरता चिरता एक दिवस हे बेफ्रीनच्या डोक्यात आलं आणि तिचा हात थांबला. खलफ म्हणतो कुणी मिळणार नाही. अरे, पण मांडी आपल्यातल्याची लागतेच कुठे?

रोनी ज्या किटामध्ये, म्हणजे बालवाडीत जायचा, तिथेच ओवी नावाची एक मराठी मुलगी यायची. तिला न्यायला तिचे आजोबा यायचे, श्यामकांत. जुन्नरकडचे, एसटीत कंडक्टर होते. मुलगा देवदत्त फ्रँकफर्टला बँकेत, म्हणून दर उन्हाळ्यात तीन महिने इकडे. ओवी ‘आजोबा’ अशी हाक मारायची, म्हणून बेफ्रीनला वाटलं ते त्यांचं नावच. ती त्यांना ‘हेर आजोबा’, म्हणजे श्रीयुत आजोबा, म्हणे. दोघांचं जर्मन सारखंच मोडकं, त्यामुळे त्यांचं छान जमायचं.

“हेर आजोबा,” तिनं एका दुपारी किटाच्या फाटकाशी विचारलं, “माझा रोनी तुमच्या मांडीवर बसवाल का? एक विधी आहे. भाऊ नाही म्हणतो.”

म्हाताऱ्यांचा चेहरा खुलला. त्यांच्याकडे जावळ काढताना, कान टोचताना पोर मामाच्याच मांडीवर लागतं. मामा रुसून बसला की गावातला कुणीतरी मामा उभा राहतो. ते स्वतः असे अर्ध्या गावाचे मामा झाले होते. काय कापायचं ते न विचारताच म्हणाले, “या, या! गेनाऊ!” म्हणजे हो, हो, अगदी. “बसवू की!”

संध्याकाळी सून ऊर्मिलानं बेफ्रीनला फोन करून सगळं नीट विचारून घेतलं आणि सासऱ्यांना सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

“अहो बाबा, नाही म्हणून कळवू का?” ऊर्मिला म्हणाली. “तिचा भाऊ तापट आहे म्हणते ती. उद्या काही झालं तर?”

“मला वाटलं न्हावी येईल,” श्यामकांत म्हणाले. मग त्यांनी पाणी पिऊन घेतलं. “असू दे. मांडी दिली ती दिली. रक्त बघवलं नाही तर छताकडे बघेन.”

शनिवारी डॉक्टरांच्या दवाखान्यात ते खरंच छताकडे बघत बसले. रोनीला तेवढ्या जागेपुरती भूल दिली होती; मुंगी चावली का, असं त्यानं एकदा विचारलं, तेवढंच. पांढऱ्या कापडावर लाल ठिपके उतरले. बेफ्रीननं ते बघितले आणि मागचं दार उघडायला डॉक्टरांकडून किल्ल्यांचा जुडगा घेतला. मग श्यामकांत पोराला कापडासकट उचलून मागच्या अंगणातल्या बाकावर येऊन बसले.

तिथे व्हॅनचे ब्रेक करकचले. कुणीतरी खलफला खबर दिली होती. तो चाकाचा लोखंडी पाना हातात घेऊनच उतरला. “पोर दे इकडे!” म्हणत त्यानं रोनीचा दंड धरून खेचला. म्हाताऱ्यानं सोडलं नाही. पाना खाली आला. श्यामकांतांच्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज अंगणभर ऐकू आला. दुसरा घाव त्यांच्या भुवईवर बसला आणि डोळा रक्तानं भरला. तरी ते पोरावर वाकून राहिले आणि मराठीत ओरडले, “हाण! जत्रेच्या गाडीत ह्याहून जास्त मार खाल्लाय!”

बेफ्रीननं खलफच्या केसांना धरून मान मागे ओढली आणि दवाखान्याच्या किल्ल्यांचा जुडगा मुठीत धरून त्याच्या तोंडावर मारला. एकदा, दोनदा. ओठ फाटला, दात निखळून फरशीवर पडला. पाना पुन्हा वर गेला.

“कापड बघ!” ती किंचाळली. “आंधळ्या, कापड बघ!”

त्यानं बघितलं. म्हाताऱ्याच्या मांडीवर पांढरं कापड, आणि त्यावर वाळत आलेले ठिपके. किरीव. पाना त्याच्या हातून गळून पडला. तो गुडघ्यांवर बसला आणि हातानं स्वतःच्या डोक्यात मारून घेऊ लागला.

डॉक्टर धावत आले. भुवईला टाके घालता घालता म्हणाले, हात मोडलाय, इस्पितळात न्यावं लागेल, आणि मी पोलिसांना बोलावतो.

“थांबा,” बेफ्रीन म्हणाली. तिनं फोन काढून पोलिसांचा एकशेदहा नंबर टाकून ठेवला. फक्त हिरवं बटण दाबायचं बाकी ठेवलं. “खलफ, ऐक. तिकडे मला मारलं तर मारणाऱ्याला कुणी विचारत नव्हतं. इथे विचारतात. माझ्या पोराला हात लावणाऱ्याला मी तुरुंगात घालू शकते, तू माझा उरलेला एकुलता एक भाऊ असलास तरी. किरीवाला इस्पितळात न्यायचंय. तुझी गाडी आहे. पोराला चालवत नाही, आणि मी त्याला उचलणार नाही.”

“मग कोण उचलणार?” खलफच्या तोंडातून रक्त गळत होतं.

तिनं फोन त्याच्यासमोर धरला. अंगठा बटणावर होता.

श्यामकांत बाकावरूनच म्हणाले, “उचल रे बाबा, माझा हात दुखतोय.” ते मराठी त्याला कळायचं कारण नव्हतं, पण आवाज कळला असावा.

खलफ उठला. रोनीनं त्याच्याकडे निरखून बघितलं. “वेर बिस्ट डू?” त्यानं विचारलं. तू कोण?

 मामा हा शब्द खलफच्या तोंडून त्या दिवशी निघाला नाही, आणि पुढेही बरेच महिने निघाला नाही. पण जखमेला धक्का लागू नये म्हणून त्यानं पोराचे पाय एका हातावर फाकवून घेतले, कोकरू उचलतात तसं छातीशी आडवं धरलं, आणि व्हॅनपाशी नेलं. आत त्याच्या मुलीची लहान खुर्ची होती, तिच्यावर बिस्किटाचा चुरा. त्यानं चुरा झटकला, पोराला बसवलं, आणि पट्टा लावू लागला. खटका काही बसेना. तो पुन्हा पुन्हा दाबत राहिला.

पट्टा बसल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे बेफ्रीननं बटण न दाबता अंगठा बाजूला घेतला.